मधमाशीच्या डंखावरचं औषध घरी कसं पारखायचं

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुणाला मधमाशी चावली की पहिला सल्ला शेजारच्या काकूंचा असतो: "चुना लाव गं, दहा मिनिटांत उतरतं." काकू खोटं बोलत नाहीत. दहा मिनिटांत खरंच बरंचसं उतरतं. अडचण एवढीच की काहीही न लावता गप्प बसलं तरी दहा मिनिटांत बरंचसं उतरतं. चुना, कांदा, झेंडूचा पाला, टूथपेस्ट, लोखंडाची किल्ली घासणं, या सगळ्यांची ख्याती या एकाच गोष्टीवर पोसली गेली आहे.

मुळशीकडे भावाच्या शेतावर माझ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाळीव मधमाशीच्या, चार पेट्या आहेत. नोकरी औषधांच्या प्रयोगशाळेत झाली, निवृत्तीनंतर हे वेड लागलं. पेट्या तपासताना वर्षाकाठी आठ-दहा डंख ठरलेलेच. मग एका हंगामात ठरवलं, चावतेच आहे तर नोंद तरी ठेवू. खाली दिलेली रीत त्यातून बसत गेली. तुम्ही पेट्या ठेवत असाल, बागेत काम करत असाल, गच्चीतल्या गांधीलमाश्यांशी तुमचं जुनं वैर असेल, तर ती तुमच्या कामाची आहे. वर्षातून एकदाच चावत असेल तर प्रयोगाच्या फंदात पडू नका, फक्त पुढचा भाग वाचा.

वही बाजूला ठेवायची वेळ

डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, धाप लागली, छातीत शिट्टी वाजू लागली, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, यांतलं काहीही दिसलं की प्रयोग तिथेच संपला. १०८ ला फोन करायचा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे. श्वास घ्यायला जड जात असेल तर बसतं ठेवायचं, पण उभं करून चालवायचं नाही. यावरचा इलाज म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन. सेट्रिझिनची (अ‍ॅलर्जीवरची) गोळी खाऊन 'बघू थोडा वेळ' म्हणणं जिवावर बेतू शकतं.

तोंडात, घशात किंवा डोळ्यावर डंख बसला असेल तर तोही दवाखान्याचाच विषय. आग्या मोहोळ उठून पन्नास-शंभर डंख बसले असतील तर माणूस हसत-बोलत असला तरी त्याला रुग्णालयात न्यायचं; मुलांच्या बाबतीत त्याहून कितीतरी कमी डंखांतही न्यायचं. एवढ्या विषाने रक्तपेशी आणि स्नायू फुटतात, त्याचा भार मूत्रपिंडावर येतो आणि ते लगेच दिसून येत नाही. विंचू तर या लेखात बसतच नाही. तो कीटक नाही, आणि आपल्याकडच्या लाल विंचवाचं विष थेट हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्या रुग्णांना वाचवायची वाट दाखवली, ती दवाखान्यातली. विंचवावर लेप पारखत बसू नये.

पूर्वी एकदा जरी डंखाने अंगभर त्रास झाला असेल, दमा असेल, बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर हा प्रयोग तुमच्यासाठी नाही. लहान मुलांवर तर नाहीच. आणि मुद्दाम डंख करून घ्यायचा नाही. नशिबात असेल तेवढाच मोजायचा.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

'सोड्याने आराम पडतो का?' हा प्रश्न पारखता येत नाही, कारण आराम म्हणजे नेमकं काय ते ठरलेलंच नाही. डंखाचं दुखणं एका जातीचं नसतं. आधी आग होते, विस्तव टेकल्यासारखी; ती काही मिनिटांची. मग ठणका लागतो, तो तास-दोन तास राहतो. सूज दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते, आणि खाज तिच्या मागून येते. काकूंचा चुना, असेलच तर, आगीचं औषध. दुसऱ्या दिवशी हात भाकरीसारखा फुगतो तेव्हा चुन्याची आठवण कुणालाच नसते.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी हे लिहिलं: 'खायच्या सोड्याचा लेप लावला तर १० मिनिटांनंतर आगीचा आकडा साध्या पिठाच्या लेपापेक्षा जास्त उतरतो का?' एक औषध, एक वेळ, एक आकडा. बाकीच्या नोंदी ठेवा, पण निकाल याच एका प्रश्नाचा लावायचा हे आधीच ठरवा. नाहीतर शेवटी सूज, खाज, लाली यांतला जो आकडा बरा दिसतो तो उचलून माणूस 'बघ, चाललं' म्हणतो. मीही म्हटलं असतं.

पायरी २: औषध निवडताना

त्वचेला इजा करणारं काही घ्यायचं नाही. खायच्या पानातला चुना बारापेक्षा जास्त सामूचा (पीएचचा) असतो, म्हणजे जहाल अल्कली. खाजवून सोललेल्या कातडीवर तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचं पांढरं पडू शकतं. रॉकेल, पेट्रोल, तंबाखूचा चोथा, शेण हेही बाद. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा यांत गल्लत करू नका. किराणा दुकानात नुसतं 'सोडा' म्हटलं तर दोन्हींपैकी काहीही हातात पडतं, आणि धुण्याचा सोडा बराच जास्त दाहक असतो.

मी खायचा सोडा निवडला त्याला कारण आहे. मधमाशीच्या डंखात आम्ल असतं आणि सोड्याने ते मारलं जातं, असं शाळेच्या विज्ञानात शिकवतात. ऐकायला छान वाटतं. मधमाशीचं विष किंचित आम्ल असतं हे खरं, पण आग होते ती त्यातल्या मेलिटिन नावाच्या प्रथिनामुळे. कोरड्या विषाचा जवळजवळ निम्मा भाग तेच असतं, आणि ते पेशींची आवरणं फोडतं. शिवाय नांगी विष सोडते कातडीच्या आत, आणि सोडा बसतो वर. गांधीलमाशीवर व्हिनेगर लावायचा सल्ला तर आणखी पोकळ आहे. तिचं विष जवळपास उदासीनच असतं. म्हणजे तत्त्वाच्या पातळीवर सोडा चालायला नको. पण लावल्यावर बरं वाटतं असं शंभर जण सांगतात. पारखायला याहून चांगला उमेदवार कुठला?

निवडलेलं औषध आधी कोपराच्या आतल्या बाजूला, चांगल्या कातडीवर, रुपयाएवढ्या जागी लावून बघा. दोन दिवसांत पुरळ-खाज काही आलं तर ते औषध रद्द.

पायरी ३: तोतया तयार करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण घरगुती प्रयोग इथेच फसतात. ओला लेप लावला की तो वाळताना गार वाटतं. कुणीतरी हात धरून फुंकर घालतंय याचंही बरं वाटतं. हे सगळं सोड्याच्या खात्यावर जमा होऊ नये, म्हणून दिसायला आणि लागायला सोड्यासारखाच पण बिनकामाचा दुसरा लेप हवा.

आधी मैदा घेतला. तो चिकट होतो, ओळखू येतो. कॉर्नफ्लोअर पाण्यात घातलं की विचित्र वागतं, दाबलं की घट्ट आणि सोडलं की पातळ. शेवटी तांदळाच्या पिठीवर आले. मोदकासाठीची तलम पिठी चालली नाही. जरा भरड दळलेली घेतली तर बोटाला सोड्यासारखीच कचकच लागते.

भाचेसुनेने आठ पुड्या बांधल्या, प्रत्येकीत एक सपाट चमचा पूड. चारांत सोडा, चारांत पिठी. आठ चिठ्ठ्या डब्यात हलवून एकेक काढली आणि कुठल्या क्रमांकाच्या पुडीत काय जाणार ते त्यावरून ठरवलं. एकाआड एक भरायचं नाही, कारण एक ओळखली की बाकीच्या आपोआप ओळखता येतात. यादी पाकिटात घालून तिने डिंकाने चिकटवली आणि देवघरातल्या समईखाली ठेवली. "आत्या, तुम्ही पाकिटाला हात लावलात तर मला कळेल," असं वर बजावलं. बरोबर बजावलं.

एक गोम राहते. पिठीला सोड्यापेक्षा जास्त पाणी लागतं. पाण्याचं माप पुडीवर लिहिलं तर लावणाऱ्याला गुपित कळणार. म्हणून माप न देता दाटपणा ठरवला: ओल्या भस्माइतका, चमचा तिरका केला तर ओघळू नये. कालवायचं आणि लावायचं काम भाच्याचं. लावल्यावर वर गॉजची पट्टी, म्हणजे मला लेप दिसत नाही. कालवताना पाण्याच्या अंदाजावरून त्याला शंका येऊ शकते. म्हणून त्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही आणि आकडे माझे मीच लिहायचे.

पायरी ४: डंख बसल्यावर

पहिली काही सेकंदं प्रयोगाची नसतात. पेटीपासून लांब जायचं. नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावणं असतो, आणि तिथेच घड्याळ बघत उभं राहिलात तर दुसरा डंख मिळतो. नांगी लगेच काढायची. नखाने खरवडावी की चिमटीत धरावी यावर पेटीवाल्यांत वाद होतात. १९९६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात व्हिशर, व्हेटर आणि कॅमेझाइन यांनी दाखवलं की काढायच्या पद्धतीने फरक पडत नाही, उशिराने पडतो. काही सेकंदांचा उशीरही गांध मोठी करतो. विषाची पिशवी बहुतेक सगळं विष पहिल्या वीसेक सेकंदांतच आत ढकलते. म्हणूनच नांगी किती सेकंदांनी निघाली ते लिहून ठेवलं नाही तर पुढची तुलना लंगडी पडते. गांधीलमाशी नांगी मागे सोडत नाही आणि पुन्हा पुन्हा डंख करते. तिच्या नोंदी वेगळ्या पानावर ठेवा, मधमाशीच्या आकड्यांत मिसळू नका.

मग साबण-पाण्याने धुवायचं. हाताला असेल तर अंगठी, बांगड्या ताबडतोब उतरवायच्या. सूज आल्यावर कापाव्या लागतात. बर्फ लावायचा की नाही हे हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि आठही वेळा तेच करा. आठांत तीनदा बर्फ लावलात तर तुम्ही काय पारखलं ते तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही. मी पहिला तासभर बर्फ लावला नाही. माझ्या स्वभावाला ते सोसतं. तुमच्या सोसत नसेल तर दरवेळी लावा.

दोन मिनिटांनी, लेपाच्या आधी, पहिला आकडा लिहायचा. तो राहिला तर तो डंख प्रयोगातून बाद. लेप लावला की ५, १०, २०, ३०, ६० मिनिटांनी आगीचा आकडा. ठणका आणि खाज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी.

पायरी ५: आकडा द्यायचा कसा

शून्य ते दहा. पण दहा म्हणजे काय? ज्याला मुतखडा झाला आहे त्याचा दहा आणि माझा दहा एक नाही. एकाच माणसाचे आकडे एकमेकांशी लावायचे असल्याने ते चालतं, फक्त एक खुंटी ठोकून ठेवावी लागते. माझी खुंटी: सातेरीचा डंख, हाताच्या पुढच्या भागावर (कोपर ते मनगट), म्हणजे पाच.

ही युक्ती माझी नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल स्मिथने, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतःच्या शरीरावर २५ ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीनदा, मधमाशीचा डंख करून घेतला आणि रोजचा पहिला व शेवटचा डंख हाताच्या पुढच्या भागावर घेऊन त्याला पाच मानलं. नाकपुडीवर सगळ्यात जास्त दुखलं, सरासरी नऊ. दंड, डोक्याची कवटी आणि पायाचं मधलं बोट यांवर सव्वादोन-अडीचच्या आसपास. वेडेपणाच, पण त्यातून आपल्याला एक गोष्ट फुकट मिळते: जागा बदलली की आकडा चौपट होऊ शकतो. बोटाच्या पेरावर सोडा आणि दंडावर पिठी लागली तर सोडा हरणारच. म्हणून मी फक्त कोपराखालचे, बोटं सोडून बसलेले डंख धरले. मानेवरचे, कानामागचे सोसून विसरून गेले.

सुजेसाठी गांधेची कड बॉलपेनने आखून स्टीलच्या पट्टीने लांबी-रुंदी घ्या. 'मोठी आहे', 'कमी झाली' असलं लिहू नका. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

'पुडी ५. डावा तळहात, मागची बाजू. नांगी साधारण ४ सेकंदांत. लेपाआधी ६. पाच मिनिटांनी ४, दहाला २, वीसला १, तासाने ०. गांध दहाव्या मिनिटाला २२ बाय १९ मिमी. दुसऱ्या दिवशी सूज मनगटापर्यंत, खाज ४. तिसऱ्या दिवशी खाज ६, रात्री झोपेत खाजवलं.'

हे पान वाचून कुणीही म्हणेल, काय उतारा पडला! सहावरून दोनवर, दहा मिनिटांत. पुडी ५ मध्ये तांदळाची पिठी होती.

पायरी ६: पाकीट उघडणं

आठही पुड्या संपेपर्यंत पाकीट उघडायचं नाही. तीन डंखांनंतर 'आता स्पष्टच दिसतंय' असं वाटतं; ते वाटू द्या.

उघडल्यावर प्रत्येक डंखाचा उतार काढा: लेपाआधीचा आकडा वजा दहाव्या मिनिटाचा. आठ उतार मोठ्यापासून लहानापर्यंत एका ओळीत मांडा आणि प्रत्येकापुढे 'सो' किंवा 'पि' लिहा. आठांतून चार निवडायचे ७० प्रकार होतात. सोडा निव्वळ बिनकामाचा असला तरी चारही 'सो' वरच्या चारांत येण्याची शक्यता सत्तरात एक. तसं झालं तर मी कान टवकारेन. वरच्या चारांत तीन 'सो' असतील तर लोक पेढे वाटतात. पण निव्वळ नशिबाने तीन किंवा चार येण्याची शक्यता सत्तरात सतरा, म्हणजे जवळपास चारात एक. नाणं दोनदा उडवून दोन्ही वेळा छापा पडावा इतपतच त्याचं कौतुक. सहाच डंख हाती लागले तर तीन-तीन पुड्यांत सर्वांत चांगला निकालही वीसात एकदा योगायोगाने येतो. त्याहून कमी डंखांवर बोलूच नये.

माझ्या ओळीत 'सो' आणि 'पि' पत्ते पिसल्यासारखे मिसळलेले निघाले. लहानसा फरक आठ डंखांत लपून जाऊ शकतो, हे मान्य. पण काकू सांगतात तेवढा मोठा गुण असता तर तो लपला नसता.

मोठ्या प्रमाणावर, रीतसर केलेली अशी पारखही आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखावर अ‍ॅस्पिरिनचा लेप तपासला. दुखणं आणि सूज कमी झाली नाही, उलट लाली जास्त वेळ टिकली. ती रीत रूढ होती, कितीतरी लोक भरवशाने वापरत होते.

आता एक इशारा. ही सगळी पारख स्वतःवर, स्वतःच्या वहीसाठी आहे. तुमच्या आजीचा लेप डब्यांत भरून गिर्यारोहकांच्या गटावर 'प्रयोग' करायचा विचार असेल, तर ती वैद्यकीय चाचणी झाली. तिला नैतिकता समितीची मान्यता लागते, भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'खात्रीशीर गुण' म्हणून विकणं हा त्याहून वेगळा गुन्हा ठरू शकतो.

मी आता काय लावते

नांगी ताबडतोब काढते, धुते, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरते. रात्री खाज छळणार हे माहीत असल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली सेट्रिझिन घेते, कॅलामाइन लावते. पेट्या ठेवायचा विचार असेल तर गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आधी प्रशिक्षण घ्या. धुराडं नीट वापरता आलं की मोजायला डंखच कमी मिळतात.

काकूंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून आठही पानं वाचली, पाचव्या पुडीशी थांबल्या. "म्हणजे मोदकाच्या पिठीनेसुद्धा उतरतं?"

"तशी नाही काकू, जरा भरड."

"मग चुन्यापेक्षा बरीच की. घरात असतेच." आणि संध्याकाळी त्यांच्या नातवाला बागेत माशी चावली तेव्हा वाटीभर पिठी मागायला तो आमच्याच दारात उभा होता.